वळू तपासणाऱ्याची तपासणी

एकाहत्तर साल असावं. संगमनेरच्या गुरांच्या दवाखान्यात मी नोकरीला होतो, गायींना कृत्रिम रेतन करायचं काम. जिल्ह्याहून वळूचं वीर्य बर्फाच्या थर्मासमधून यायचं. वापरण्याआधी त्याचा एक थेंब मी मायक्रोस्कोपखाली बघायचो... शुक्राणू जिवंत आहेत ना, एवढंच.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. कुसुमच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. नगरच्या लेडी डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं की हिच्यात काही दोष नाही. तरी बोल तिलाच.

आई गावाकडे, पारनेर तालुक्यात. तिने माझ्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. कुसुमला समोर बसवून म्हणाली, "तुला कुनी हाकलून देत न्हाई. दोघी राहा बहिणीवानी." परतीच्या एसटीत कुसुम खिडकीबाहेर बघत बसली...

त्याच आठवड्यात आमच्याकडे एका वळूचा घोळ चालला होता. त्याचं वीर्य दिलेल्या गायी उलटत होत्या, गाभण राहतच नव्हत्या. जेवताना मी कुसुमला सहज सांगितलं, की शेवटी तो वळू बाद केला.

"गायी न्हाई केल्या बाद?" तिने विचारलं.

"गायींचा काय दोष? वीर्यच कमजोर निघालं."

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "मंग तुमचं कुनी बघितलं का?"

खरं सांगतो, घास हातातच राहिला. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. सरळ प्रश्न होता... आणि मला कुणी, अगदी एकाही डॉक्टरने तो विचारला नव्हता.

रजा काढून आम्ही पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथले सर्जन तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी मला उभं करून तपासलं, खोकायला लावलं, मग वीर्य तपासायला पाठवलं. शुक्राणू फार कमी होते, आणि होते त्यातले बरेचसे निपचित.

मी म्हणालो, "साहेब, मला बघू द्याल? माझं रोजचं काम आहे हे." ते जरा चकित झाले, पण त्यांनी मला लॅबमध्ये नेलं. वळूच्या ताज्या थेंबात मी नुसती गर्दी उसळताना बघितलेली... इथे एखादाच कुठेतरी जागच्या जागी थरथरत होता. ते माझं होतं.

डॉक्टरांनी बाहेर बसवून समजावलं. वृषणाकडून वर जाणाऱ्या शिरा फुगल्या होत्या, काहींच्या पायावर फुगतात तशा. रक्त तिथे तुंबतं, उष्णता वाढते, आणि शुक्राणूंना ती सोसत नाही. शिरा बांधून टाकायचं ऑपरेशन करता येतं, पण ते आपल्याकडे अजून नवीन आहे आणि मूल होईलच असं काही सांगता येत नाही, हेही ते म्हणाले.

कडक उन्हाळ्यात वळूचं वीर्य खालावतं हे मला माहीत होतं. पण माणसाच्या देहाने एवढी एकच गोष्ट मुद्दाम पोटाबाहेर, गारव्याला ठेवली आहे, आणि थोडीशी ऊब वाढली तर वंश थांबतो... हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

ऑपरेशनआधी गावी गेलो. आईला म्हणालो, "ती मुलगी राहू दे. दोष माझ्यात आहे." तिला आधी पटेना. मग म्हणाली, "हे गावात बोलू नको." मी म्हणालो, "कुसुमचं मात्र सगळ्या गावात बोललो आपण." दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन त्या मुलीकडच्यांना नाही सांगून आली.

जांघेत लहानसा छेद, चार-दोन टाके. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून डॉक्टरांनी तेवढं थांबायला लावलं. त्यानंतरच्या तपासणीत त्यांनी आधी स्वतः पाहिलं... आणि मला खुणावलं.

थेंब हलत होता. सगळे नाही, पण पुष्कळ जण शेपट्या मारत, एकमेकांना ओलांडत निघाले होते. मी कुसुमला आत बोलावलं. पदर सावरत तिने डोळा लावला, खूप वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लई घाई हाय वो यांना."

डॉक्टर हसले. मला मात्र हसता येईना, डोळेच भरून आले होते.

पुढच्या दिवाळीनंतर मुलगी झाली. बाळंतपणाला आई गावाहून आली आणि महिनाभर तिने कुसुमला पाण्यात हात घालू दिला नाही. माफी-बिफी काही मागितली नाही. पण रोज तिचे पाय चेपत बसायची.

आता मोबाईलवर वाचतो... वीर्यात एकही शुक्राणू सापडत नाही, अशा काही पुरुषांच्या वृषणातून डॉक्टर तो शोधून काढतात. एकच शुक्राणू सुईने उचलून स्त्रीबीजात सोडतात, आणि त्यातून चालतं-बोलतं मूल होतं. वाचताना हात आपोआप जोडले जातात.

परवा हे सगळं कुसुमला मोठ्याने वाचून दाखवलं. आता तिला कमी ऐकू येतं, पण तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलंच हाय की. पर आता तरी आदी बाप्याला तपासत्यात का?"

मला खात्रीने हो म्हणता आलं नाही. म्हणून हे लिहिलं.