मामांचं केळीचं पान

अख्ख्या वसईत माझ्यासारखी रिक्षा कोणी चालवत नाय. माझ्या बायकोचे मामासुद्धा हेच बोलतात, फक्त पुढे 'देवाची कृपा' जोडतात.

हे मामा वसईतच होळी नावाच्या भागात राहतात, केळीची वाडी करतात, आणि त्यांच्याएवढा घाबरट माणूस जगात दुसरा नसेल. स्वतःसाठी नाय, दुसऱ्यांच्या पोरांसाठी घाबरतात. अंगणातून स्कूटर नुसती ढकलत काढायची, तरी डोक्यात हेल्मेट. दुपारी नारळाखाली खाट टाकून झोपतात, तेव्हापण हेल्मेट. एकदा मी हसलो तर बोलले, "नारळाला पडायला लायसन लागतं काय?" गल्लीत कोणी एका गाडीवर तिघं बसून आले की त्यातल्या एका पोराला उतरवतात, चहा पाजतात आणि स्वतः चालत त्याला घरी सोडून येतात.

माझ्या पोरीला कॉलेजसाठी स्कूटर मामांनीच घेतली. तिचं लायसन आलं, पण चावी मामांकडेच. त्यांची परीक्षा वेगळी. केळीचं कोवळं, अख्खं पान मागच्या सीटवर उभं बांधायचं आणि बाजारापर्यंत जाऊन यायचं. पान धड राहिलं तर चावी कायमची तिची. जन्मभर त्यांनी पानं विकायला नेली, गाडी पळवली की वारा पानाचं काय करतो ते त्यांना पाठ.

रविवारी पोरगी निघाली. मामा हेल्मेट घालून गेट धरून उभे. मी बाप पडलो, गुपचूप एक ताजं पान कापलं आणि घराच्या अलीकडच्या वळणावर जाऊन थांबलो. ती आली, तर मागे पानाच्या नुसत्या झिरमिळ्या. मी माझं पान पुढे केलं.

"पप्पा, ते खाली करा. लोक बघतायत."

आणि गेली सरळ मामांसमोर. "आजोबा, मागून टँकरवाला सारखा हॉर्न मारत होता. घाबरले आणि पळवली."

मामा त्या झिरमिळ्यांवरून हात फिरवत राहिले. "हॉर्न त्याचा होता बाय, रेसची मूठ तुझ्या हातात होती. बाजूला व्हायचं, त्याला जाऊ द्यायचं. घरी आलीस, बस झालं. पुढच्या रविवारी परत."

चावी खिशात गेली. पोरीचे डोळे भरले. मामांचे पण भरले असतील, त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

मला राहवलं नाय. म्हटलं, "मामा, आता माझी परीक्षा घ्या. मी दाखवतो तिला, गाडी कशी चालवतात."

मामांनी काच वर केली, माझ्याकडे बघितलं.

"नको जावई. वाडीत एवढी पानं नायत."