मुरीखालची वाळू

आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांच्या दिवाणखान्यात भलामोठा फिशटँक आहे. वर रंगीत मासे मिरवतात आणि तळाला बोटभर लांबीची, पट्ट्यापट्ट्यांची एक मुरी मासोळी फिरते. "हिला वेगळं खायला घालावं लागत नाही," साहेब कौतुकानं म्हणाले. "वरच्यांचं सांडलेलं टिपते. तळ कसा लख्ख!"

मी सफाई कामगार मालनताईंसोबत हातमोज्यांचा अर्ज घेऊन गेलो होतो. ताई टँकपाशी वाकल्या.

"साहेब, हिच्या मिशा झिजल्यात की! ही खडी टोचते तिला. आमच्या गावच्या ओढ्यात मुरी मऊ वाळूत तोंड खुपसून खाते."

साहेब कळवळले. तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. "उद्याच्या उद्या बारीक वाळू टाकून जा. जीव आहे तो!" आमचा अर्ज त्यांनी पेपरवेटखाली सारला. "बघू, पुढच्या बैठकीत."

कळवळा यायला बहुतेक काच लागते आणि काचेमागे दिवा लागतो. कचराकुंडीला दोन्ही नसतं. तिथं फुटक्या बाटल्यांत हात घालणारी बाई रोज सगळ्यांसमोर असते, तरी कुणाला दिसत नाही.

काल तिसऱ्यांदा गेलो. अर्ज तिथंच होता. मुरी वाळूत शिरून फक्त डोळे बाहेर काढून बसली होती. मालनताईंनी चिंधी गुंडाळलेलं बोट काचेवर टेकवलं.

"चला," त्या म्हणाल्या, "आपल्यातल्या एकीचं तरी काम झालं."