जिराफाजवळचं बाकडं

"मावशी, अम्मी गेली..." इम्तियाझचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. दूध उतू गेलं आणि मी तशीच उभी. त्याची अम्मी, म्हणजे नसीमभाभी, माझ्याहून थोडीच मोठी, पण रियाधमध्ये तिनं मला सासूसारखं धाकात ठेवलं होतं. आम्ही पुण्याचे, ते रत्नागिरीकडचे. एकाच इमारतीत वरखाली राहायचो. अंगभर काळ्या अबायातून माझ्या केसांची एक बट दिसली तरी ती मला जिन्यातच अडवायची. "वहिनी, आधी डोकं झाक. मुतव्वानं बघितलं तर नवऱ्याला बोलणी बसतील." मुतव्वा म्हणजे रस्त्यावर फिरणारे धर्मरक्षक. ते आसपास नसले तरी ही तेवढीच कडक. मला तिचा राग यायचा, आणि तिच्यावाचून माझं पानही हलायचं नाही.

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा आम्ही तिथंच अडकलो. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाकडे, त्यामुळे मनात आलं म्हणून निघता येत नव्हतं. क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की माझी पाच वर्षांची लेक मुग्धा माझ्या गळ्याला मिठी मारायची, आणि तिला धीर द्यायचा सोडून मीच तिला बिलगून बसायचे. मी मुळातली घाबरट. फेब्रुवारी सरत आला, हवा छान झाली, तशी भाभी म्हणाली, "पोर कोमेजली बघ. उद्या प्राणिसंग्रहालयात बायकांचा दिवस आहे. चल." त्या दिवशी पुरुषांना आत सोडत नसत, मोठ्या मुलग्यांनाही नाही; तरी उघड्यावर असल्यानं आतही कुणी अबाया उतरवत नसे. दोघींचे नवरे आणि भाभीचा बारा वर्षांचा इम्तियाझ फाटकाबाहेर गाडीत बसले. माझं सगळं लक्ष आभाळाकडे, आणि खांद्यावरच्या पिशवीत आमचे गॅस मास्क.

जिराफाजवळ मुग्धा कितीतरी दिवसांनी हसली. तेवढ्यात भर सकाळी भोंगा वाजला. बायका पोरांना घेऊन सैरावैरा धावत सुटल्या. मी मुग्धाचा हात घट्ट धरला होता... धक्का लागला आणि सुटला. वळून पाहते तर चहूकडे काळे अबाये, झाकलेले चेहरे. पोरीनं आई समजून भलतीचाच अबाया धरला होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ती नाही. तिला हाक मारावी तर माझ्या तोंडून आवाजच फुटेना.

"तू फाटकाकडं धाव. मी हितं बघत्ये," भाभी ओरडली. थोडी पुढे जाऊन मी मागे पाहिलं. भाभी बाकड्यावर चढली होती. तिनं आधी चेहऱ्यावरचा नकाब काढला, मग अबायाच उतरवला, आणि उघड्या डोक्यानं, घरातल्या पंजाबी ड्रेसमध्ये उभी राहून तो हवेत फिरवायला लागली. "मुग्धाबाय! हिकडं बघ, खाला हितं हाय!" बायका थबकल्या. कुणीतरी अरबीत चिडून बोललं. भाभी हटली नाही. घरात रोज पाहिलेला तो ड्रेस मुग्धानं लांबूनच ओळखला आणि एका अनोळखी बाईला सोडून ती धावत आली.

भोंगा थांबला. भाभीनं दोनदा अबायाची बटणं चुकीची लावली, शेवटी मीच ती लावून दिली. "गाडीत बोलू नको हां," एवढंच ती म्हणाली. काय काय पाहिलं, असं नवऱ्यानं विचारल्यावर तिनं सांगितलं, "जिराफ."

गेल्या आठवड्यात मुग्धाला घेऊन त्यांच्या गावी भेटायला गेले. पडवीत इम्तियाझ आल्यागेल्यांना आईबद्दल सांगत होता. "इतकी वर्षं तिकडं राहिली, पण अम्मीनं घराबाहेर कधी अबाया उतरवला नाही." त्याच्या आवाजात केवढा अभिमान होता. मी मान डोलावली.

"उतरवला होता. एकदा," एरवी माझ्याशीही इंग्रजीत बोलणारी मुग्धा मराठीत म्हणाली. "माझ्यासाठी." मी तिचा हात दाबला, पण तिनं सगळं सांगितलं. इम्तियाझ सरकून तिच्याजवळ येऊन बसला. त्या दिवशी तो फाटकाबाहेर होता...

मग त्यानं हळूच विचारलं, "ड्रेस कोणता होता गं?"

"पिवळा," मुग्धा म्हणाली.