काल गेलेली खोली

आप्पांना अख्ख्या सोलापुरात कोणी कधी खोली नाकारली नाही, आणि आप्पा त्यातल्या एकाही खोलीत राहिले नाहीत. राहण्याची गरजच नव्हती. मिरचीच्या व्यापारावर उभं केलेलं दुमजली घर होतं त्यांचं, आमच्या घराला भिंत लावून. तरी गल्लीत सगळे त्यांना 'भाडेकरू आप्पा' म्हणत.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरंशुभ्र धोतर आणि मराठीत अधूनमधून कानडी. असा माणूस दारात उभा राहिला की घरमालक आधी खुर्ची पुढे करी आणि मग खोली. हे कशामुळे होतं ते आप्पांना पुरेपूर ठाऊक होतं. "माझं कपाळ चांगलं हाय. आतलं डोकं कोण बघतंय?" असं ते म्हणायचे.

हा उद्योग सुरू झाला आणीबाणी उठली त्या वर्षी, बनसोडेबाईंमुळे. मी शिकवत होते त्याच मुलींच्या शाळेत त्या नव्यानेच लागल्या होत्या. रोज मोडनिंबहून एसटीने येत, आणि एसटीच्या मर्जीप्रमाणे पोचत. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत गावात राहायला या, नाहीतर जागेवर दुसरी बाई घेऊ. तिकडे वडिलांनी एक स्थळ पाहूनच ठेवलेलं. नोकरी गेली की बोहल्यावर चढायचं, एवढाच पर्याय उरला होता. आमच्या घरी ठेवून घ्यावं तर दोन खोल्यांत आम्हीच सातजण. जाऊबाईंचं अंथरूण चुलीपाशी पडायचं.

सोलापुरात जात कोणी विचारत नसे. आम्ही सुधारलेले लोक. आम्ही फक्त आडनाव विचारायचो, मग मूळ गाव, मग गावात घर वेशीच्या आत की बाहेर, मग कुलदैवत. तेवढ्यानेही भागलं नाही तर "तुमच्यात खाण्यापिण्याचं कसं?" उत्तर मिळालं की कळायचं, खोली कालच गेली. बनसोडेबाई जिथे जात तिथे आदल्या दिवशी नेमकं कोणीतरी येऊन गेलेलं असायचं.

हे मी ओट्यावर बसून सांगत होते. आप्पा ऐकून उठले आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना घेऊन त्यातल्याच एका घराकडे निघाले. आम्हाला कोपऱ्यावर उभं केलं आणि स्वतः आत गेले. खोली त्यांनी जावयाच्या थाटात पाहिली. नळ किती वाजता येतो, पत्रा उन्हाळ्यात किती तापतो, संडास कुणाबरोबर, सगळं विचारून झालं, चहा झाला, मालकाने किल्ली पुढे केली. तेव्हा कुठे आम्हाला हाक आली. बनसोडेबाईंना पाहून मालकाचा हात किल्लीसकट मागे गेला. आप्पा शांतपणे म्हणाले, "काल गेलेली खोली आज परत आली. खोली हाय का म्हैस?"

तिथून आम्ही थेट पोलीस चौकीत. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा आहे, अशी पाटी चौकीच्याच भिंतीवर रंगवलेली होती आणि तिच्याखाली हवालदाराची सायकल टेकलेली. कायदा नव्याने कडक झाला होता, राहायच्या जागेपासून अडवणंही त्यात धरलेलं होतं, हे आप्पांनी पेपरात वाचलं होतं. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मालक तोंडाने जात बोलला का? नाही ना? मग गुन्हा कुठाय? पुढच्या तीन-चार घरांचंही तेच झालं. खोली आप्पांना मिळे, किल्ली मागे जाई, आणि हवालदार मालकाच्या सभ्यपणाची साक्ष देई. एवढी गोड माणसं या शहरात राहतात हे मला त्या महिन्यातच कळलं.

महिना संपत आला. एका संध्याकाळी आम्ही असेच हात हलवत परतलो. बनसोडेबाई आप्पांच्या दारात थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "आप्पा, तुमची माडी रिकामीच हाय की."

आप्पांनीही वर पाहिलं. शहरभरच्या खोल्या पाहणाऱ्या माणसाला स्वतःची माडी दिसली नव्हती. ते आत गेले आणि त्यांनी अव्वांना, म्हणजे बायकोला, विचारलं. दार उघडंच असल्याने अव्वांचं उत्तर आम्हालाही ऐकू आलं. माडी देवघराच्या बरोबर वर आहे आणि देवाच्या डोक्यावर 'असल्या' लोकांना चालायला देणार नाही. पुढे त्यांनी जातीचं नावच घेतलं. अव्वा सुधारलेल्या नव्हत्या, त्यामुळे खरं बोलल्या.

आप्पा बाहेर आले, पायात चप्पल सरकवली आणि तडक चौकीत गेले. मी मागोमाग. हवालदाराला म्हणाले, "आता सापडलं. जात तोंडानं बोलली. साक्षीदार मी."

"आरोपी कोण?"

"घर माझ्या नावावर हाय. मीच."

हवालदाराने आधी हसून घेतलं, मग समजूत घातली, मग हात जोडले. आप्पा बाकावर ठाण मांडून बसले. गुन्हा लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. मी घरी येऊन अव्वांना सांगितलं. उभ्या आयुष्यात एकटी कधी गल्लीबाहेर न गेलेली ती बाई डोक्यावर पदर घेऊन निघाली. चौकीच्या पायरीवरूनच म्हणाली, "चला घरी. देते माडी."

बनसोडेबाई राहायला आल्या. अव्वांनी देव हलवून पुढच्या खोलीत नेले. आप्पा रोज संध्याकाळी माडीवर जाऊन बाईंच्या माठातलं पाणी प्यायचे, आणि अव्वा त्यांना त्याबद्दल आंघोळ घालायच्या. पण आमच्या नळाला पाणी किती येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. एवढं सोवळं परवडेना. मे महिन्यात आंघोळ बंद झाली ती झालीच. मोठमोठी भाषणं ऐकून जे होत नाही ते नळाने केलं.

पुढे आप्पा गेले. सकाळी ओट्यावर त्यांचा आवाज नसला की अजून मला चुकल्यासारखं होतं. दिवसपाणी उरकलं आणि त्यांच्या थोरल्या मुलाने आईपाशी विषय काढला, की माडीला आता चांगल्या घरचा भाडेकरू बघू, बनसोडेबाईंना सांगून टाकू, खोली दुसऱ्याला दिली म्हणून. मी तिथेच बसले होते. अव्वांनी सुपातले तांदूळ बाजूला ठेवले आणि डोक्यावर पदर घेतला.

"सांगून बघ," त्या म्हणाल्या. "चौकी कुटं हाय ते मला ठावं हाय. तुझ्या बापाला मीच आणलंय तितनं."