आमच्या ह्यांचं वजन आणि गावातले सगळे खोटे काटे

कापसाचा भाव पडायचा आणि माणसं कापूस घरातच भरून ठेवायची, त्या वर्षांची ही गोष्ट. आज वाढेल, उद्या वाढेल. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरली होती आणि आम्ही म्हातारा-म्हातारी तिच्या दाराशी बाजा टाकून झोपायचो. रात्रभर अंग खाजायचं, ते वेगळंच.

त्या हिवाळ्यात आमचे हे बारीक झाले. धोतर कमरेवर ठरेना. आणि लोकांनी काय म्हणावं? "काका, फिट झाले वो तुमी! जवान दिसून राह्यले." ह्यांच्या गुडघ्यांवरचा भार उतरला, असं मीही साऱ्यांना सांगत सुटले. ह्यांच्या ताटात अन्न उरायचं, टाकवत नाही म्हणून ते मी खायचे. म्हणजे घराचं एकूण वजन होतं तेवढंच राहिलं बरं का, फक्त इकडचं तिकडे गेलं.

एक दिवस बाभुळगावचा व्यापारी कापूस पाहायला आला. त्यानं अंगणात तिवई उभी करून काटा टांगला. सून म्हणाली, "मामाजी, काटा लागलाच हाय त तुमीबी बसून पाहा." ह्यांना कापूस बांधायच्या फडक्यात, पालवात बसवलं, चारी टोकं बांधली आणि आकड्याला लटकवलं.

व्यापारी सवयीनं बोलून गेला, "एक्कावन्न. पालवाचे दोन गेले, ओलाव्याचा एक. अठ्ठेचाळीस."

गाठोड्यातून आवाज आला, "मी ओला हाय? हात लावून पाह्य!"

मलाही राहवेना. "भाऊ, ओलावा कायचा? वाळून काडी झाला हा मानूस. ओलाव्याचं कापू नोका."

"काकू, अर्धा सोडतो. त्याच्या वर जमत नाही."

अशी घासाघीस करून मी अर्धा किलो नवरा परत मिळवला. कापसाचा सौदा मात्र राहिलाच, कारण हे खाली उतरले ते भांडतच. "माह्यं वजन मले मालूम नाही? साठाच्या वर हाय मी. काटा खोटा हाय तुहा!"

जन्मभर काट्यानं मारलेला माणूस. त्याला कोणता काटा खरा वाटेल? चक्कीवर गेले, तिथं कमी. किराणा दुकानात गेले, तिथं कमी. कळंबच्या दवाखान्यात गेले, तिथं आणखी कमी. "सरकारी त सगळ्याहून खोटा," म्हणाले. साऱ्या गावाला ते पटलं. सगळे काटे एकमेकांना मिळालेले आहेत, यावर पारावर एकमत झालं. माणूसच कमी झाला असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग एका सकाळी परसातल्या संडासातून हाक आली, "अवं... अवं..." बसले ते उठताच येईना. मी ओढायला गेले, तर माझे गुडघे अडकले. शेवटी सुनेनं आणि शेजारणीनं आम्हां दोघांना बाहेर काढलं. हे नेहमी म्हणायचे, "संडासले जायाले दुसऱ्याचा हात लागला की मानूस संपला." त्या दिवशी ह्यांनी पाणीच प्यायलं नाही, पुन्हा जावं लागू नये म्हणून. तेव्हा मी घाबरले.

यवतमाळच्या डॉक्टरनं मांडी दाबून पाहिली. "आजोबा, काटे सगळे खरे आहेत. या वयात आपोआप वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, मांडीचं मांस जातं. आज उठता येत नाही, उद्या पडाल, मग अंथरूण धराल." तोंड उघडायला लावलं तर दाढा सडलेल्या. चावताना दुखायचं म्हणून हा माणूस कोणाला न सांगता चहात पोळी बुडवून जगत होता! मग डॉक्टर माझ्याकडे वळला. "आणि आजी, वजन वाढवून तुमचे गुडघेही तिकडेच चालले आहेत."

दाढा काढल्या. अंडी आली, घट्ट वरण आलं. आणि रोज खुर्चीवरून उठायचं, बसायचं, दोघांनीही.

"मी का गुन्हा केला, उठाबशा काढू?" हे म्हणाले. पण काढल्या. कापसाच्या ढिगापुढं दोन खुर्च्या, समोरासमोर आम्ही. हे उठले की मी बसायचे. शेजारणी कामं टाकून बघायला यायच्या. "काय व काकू, पोलिसात भरती होऊन राह्यले का दोघंबी?"

उन्हं तापायला लागली तशी एका सकाळी हे लोटा घेऊन एकटेच निघाले. मी मागोमाग. दार लागलं, आतून कडी घातली. मी बाहेर उभी, सारा जीव कानात.

"अवं, कायले उभी हायेस थितं?"

"उठता येईन ना?"

"तू गेल्याबिगर मी बसतच नाही!"

मी सुपात तुरीची डाळ घेऊन परसाच्या दाराशी बसले. खडे एकही नव्हते, तरी निवडत राहिले. बऱ्याच वेळानं कडी वाजली. मी मान वर केली नाही.