उताऱ्याशी भांडण

वाचनाने माणूस शांत आणि समंजस होतो, असे थोर लोक सांगत आले आहेत. क्लेटनच्या लायब्ररीत दर शनिवारी माझ्यासमोर बसणाऱ्या बाई वाचनाने फक्त चिडत.

वसईत त्यांनी बारा वर्षे लोकांचे दात काढले होते. मेलबर्नमध्ये तेच करायचे तर पुन्हा शिकणे आणि त्यासाठी डेंटल कॉलेजची प्रवेशपरीक्षा देणे भाग होते. उतारा वाचून उत्तरे लिहायच्या पेपरात त्या दोनदा नापास झाल्या होत्या. आता तिसरी आणि शेवटची संधी उरली होती.

वाचायला बसल्या की त्या आधी टेबलावरचा दिवा पुस्तकावर वाकवत, जणू पुस्तकाने आ केला आहे. मग पेन्सिलीच्या टोकाने एकेक ओळ हलकेच टोचून पाहत.

एकदा त्यांनी सरावाची वही माझ्याकडे सरकवली. उतारा हिरड्यांवर होता आणि पाचातली चार उत्तरे चुकली होती.

"अहो, उताऱ्यात वेगळंच लिहिलंय," मी म्हणालो.

"उतारा चुकलाय. मी बरोबर लिहिलंय."

"पण उताऱ्यात काय आहे, एवढंच विचारलंय ना?"

"म्हणजे पेशंट दाखवेल तोच दात उपटायचा? मग डेंटिस्ट हवा कशाला?"

मला ते पटले. पेपर तपासणाऱ्याला पटेल, असे मात्र वाटले नाही.

परीक्षेनंतर काही आठवड्यांनी त्या पास झाल्याचे सांगायला आल्या. सरावाचा उपयोग झाला का, असे मी विचारले.

परीक्षेतला उतारा मेंढ्यांची लोकर कातरण्यावर होता. त्यातले त्यांना काहीच माहीत नव्हते.