पाटीवरचा हात

देवस्थळीबाई चित्राखालची पाटी कुणाला आधी वाचू द्यायच्या नाहीत. सरळ पुढे होऊन तिच्यावर तळहात ठेवायच्या. ऑकलंडच्या एका कलादालनात आमची ओळख झाली ती अशीच. लेकीच्या शाळेची सहल तिथे आली होती आणि मदतीला म्हणून मी सोबत गेले होते. मुलं वरच्या मजल्यावर गेली तशी मी एका मोठ्या चित्राखालचं इंग्रजी अक्षर अक्षर लावत उभी राहिले. अचानक पाटीवर एक हात आला. सोन्याची एकच बांगडी, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

"मराठी का? बरं झालं. आधी चित्र बघ. पाटी कुठे पळून जात नाही."

"मला नाही हो कळत चित्रातलं."

"पाटीतलं कळत होतं?"

मला हसूच आलं.

बाई पुण्याच्या. इथे हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त. यजमान गेलेले, मुलगा निखिल दूर दुसऱ्या शहरात, जॉन्सनव्हिलला. माउंट रॉस्किलमध्ये आमच्या घरापासून दोन बसस्टॉप पुढे त्या एकट्या राहायच्या. साडीवर फ्लीसचं जॅकेट, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि थंडी असली तर त्यात मोजे, अशा सगळीकडे हिंडायच्या. एका खेपेला तीनच चित्रं बघायची, चौथं नाही, हा त्यांचा नियम. मग बाहेर पायऱ्यांवर बसून थर्मासातला चहा आणि घरचा चिवडा. "डोळ्यांनाही अजीर्ण होतं गं," म्हणायच्या.

मी त्यांना पहिल्या दिवसापासून बाई म्हणू लागले. त्याआधी बाई म्हणायचे ते शाळेत, आणि माझी शाळा नववीतच संपली. भूगोलाचा तास चालू होता. काका वर्गाच्या दारात आले आणि बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलले. मी पुस्तक मिटलं, दप्तर उचललं. आई अंथरुणाला खिळली होती, धाकटी भावंडं होती. पुढचा धडा कुठला होता हे मला अजून माहीत नाही. इथे नवरा बस चालवतो, मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे. देवाच्या दयेने सगळं ठीक आहे, तरी चार माणसांत बोलायची वेळ आली की हाताला घाम सुटतो.

कम्युनिटी हॉलमध्ये संध्याकाळी कलेच्या इतिहासाचा वर्ग भरायचा. बाईंनी स्वतःबरोबर माझंही नाव घातलं. हेलन नावाची शिक्षिका शिकवायची, मी मागच्या रांगेत बसून ऐकायचे. निम्मं कळायचं, उरलेलं बाई परतीच्या बसमध्ये सांगायच्या. दोन वर्षांनी हेलनने सगळ्या वर्गाची फ्लॉरेन्सला सहल ठरवली. बाईंचे गुडघे दुखायचे. निखिलने माझं तिकीट काढलं आणि म्हणाला, "मावशी, आईला एकटीला सोडू नका, एवढंच बघा." मला रडू यायचं बाकी राहिलं.

पण हेलनचा एक नियम होता. येणाऱ्या प्रत्येकाने तिथल्या एका कलाकृतीसमोर उभं राहून सगळ्यांना तिच्याविषयी सांगायचं.

"बाई, मी तर तुमच्या सोबतीला येतेय. मला यातून सोडवा ना."

"सोबतीला येताना डोळे घरी ठेवणारेस का?"

लेकीने इंग्रजीत भाषण लिहून दिलं. "मम्मा, चिल! हीप्स ऑफ पीपल डू धिस," म्हणाली. मी ते विमानभर पाठ करत राहिले. बाई खिडकीतून ढग बघत होत्या. एकदाच वळून म्हणाल्या, "कागदावरचं चित्र बघायला एवढ्या लांब कशाला चाललोय आपण?"

माझ्या वाट्याला एका लहानशा चर्चमधलं भिंतीवरचं चित्र आलं होतं. देवाचा पुत्र तुझ्या पोटी येणार, असा निरोप देवदूत येऊन मेरीला सांगतो तो प्रसंग. माझी पाळी आली त्या सकाळी बाहेर कडाक्याची थंडी होती. सगळे आत शिरले, पाठोपाठ मी. चित्रासमोर जाऊन उभी राहिले, तर केविन, म्हणजे आमच्या वर्गातले निवृत्त प्लंबर, खाली बघत म्हणाले, "शैला, लव्ह, बूट कुठे गेले तुझे?"

बूट दाराबाहेर होते. देवाचं घर म्हणून मी सवयीने उंबऱ्याशी काढले होते, नीट एका बाजूला सरकवून. आता अंगावर कोट, गळ्यात मफलर आणि पायात नुसते मरून मोजे. सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. पहिलं वाक्यसुद्धा आठवेना.

"एक मिनिट हं," बाई इंग्रजीत म्हणाल्या. बाकावर बसल्या आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागल्या. गुडघा धरून, कण्हत, सावकाश. "चुकलंच माझं. हिने काढले आणि मी घालूनच आत आले."

हेलन म्हणाली, "खरंच की. माओरी लोकांच्या मराईवर बैठकीच्या घरात जाताना आपण काढतोच ना!" तिनेही काढले. मग एकेकाने काढले. केविनच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आता हसू त्यांच्यावर वळलं.

बाईंची दुसरी नाडी काही केल्या सुटेना. वर न बघता त्या मराठीत म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? तिकडे बघ. मला अजून वेळ लागेल."

मी वळले. गार फरशी तळव्यांना लागत होती. मी बघत राहिले.

"मराठीत सांग," नाडी सुटल्यावर बाई म्हणाल्या. "मी आहे."

मी सांगितलं, ही मुलगी एकटी बसून वाचत होती. हा अचानक आला. ती दचकलीय, अंग मागे घेतलंय. बाई एकेक वाक्य इंग्रजीत करत होत्या. मग मी म्हणाले, "पण तिचा हात बघा. पुस्तक मिटलंय, तरी बोट आत आहे."

बाई थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्या मला म्हणाल्या, "हे तुझं तू सांग."

"शी इज नॉट फिनिश," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "समबडी कम, सो शी क्लोज द बुक. बट शी इज कीपिंग द पेज."

हेलन दोन पावलं पुढे गेली आणि मेरीच्या हाताकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर मला वाटलं, बाई आता काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "बूट घाल लवकर, सर्दी होईल."

बाई २०१९ च्या हिवाळ्यात गेल्या. अंत्यविधीत दोन शब्द बोला म्हणून निखिलने विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले होते. हॉलमध्ये टेबलावर त्यांचा फोटो ठेवला होता. खाली एक कार्ड, त्यावर नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. माणसं येत होती, कार्ड वाचत होती, मनातल्या मनात वय मोजून पुढे सरकत होती. मी जवळ गेले आणि कार्डावर तळहात ठेवला.

"काय झालं, मावशी?" निखिल हळूच म्हणाला.

"काही नाही. जरा बघू दे."

फोटोत साडीवर तेच फ्लीसचं जॅकेट. ओठ मिटलेले. उजवी भुवई किंचित वर, समोरचं माणूस कधी बोलायला लागतंय याची वाट बघत असल्यासारखी.

मी बूट काढून टेबलाखाली सरकवले, लोकांकडे वळले, आणि बोलायला सुरुवात केली.